शेफर्ड्स पाय खरोखरच बेचव आहे का? एका दाव्याचा प्रतिवाद

ब्रिटिश स्वयंपाकाची थट्टा करणारा एक मजकूर मोबाईलवरून सतत पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: मसाल्यांसाठी अर्धे जग पालथे घालणाऱ्या या लोकांनी स्वतःच्या जेवणात मीठ-मिरीपलीकडे काही घातले नाही, शेफर्ड्स पाय हा त्यांचा लाडका घरगुती पदार्थ म्हणजे उकडलेल्या खिम्यावर थापलेला उकडलेला बटाटा, तोही मुळात रविवारच्या उरलेल्या मांसाचा, आणि घरी करायचाच असेल, तर गरम मसाल्याशिवाय तो घशाखाली उतरणार नाही. हे चारही मुद्दे सारख्या वजनाचे नाहीत, त्यामुळे उत्तरेही सारख्या लांबीची नाहीत.

मसाले वापरलेच नाहीत, हे साफ चूक आहे. ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली स्थापन झाली. त्याच्या दोन शतके आधी, १३९०च्या सुमारास, इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी नोंदवलेल्या पाककृतींत आले, दालचिनी, लवंग आणि केशर यांची रेलचेल आहे. पुढच्या काळात हे मसाले बरेचसे गोडाकडे सरकले आणि ख्रिसमस पुडिंगमध्ये ते आजही टिकून आहेत. शेफर्ड्स पायच्या खिम्यात घरोघरी पडणारा वूस्टरशर सॉस १८३७ पासून विकला जातो आणि त्यात अँकोव्ही मासे, व्हिनेगर व काकवी यांच्या जोडीला चक्क चिंच असते. बेचवपणाची ख्याती पुष्कळशी विसाव्या शतकातली आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटनमध्ये शिधावाटप सुरू झाले आणि मांसावरचे नियंत्रण १९५४च्या जुलैमध्ये उठले. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताचा किनारा आणि इंग्लिश खाडीतली चॅनल बेटे जर्मनांच्या हाती गेल्यावर तिथून येणारा कांदासुद्धा दुर्मीळ झाला. ज्या पिढीने कांद्यावाचून स्वयंपाक शिकला, तिच्या ताटावरून सहा शतकांचा निकाल लावणे अन्यायाचे आहे.

‘उकडलेला खिमा’ हा आरोप अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण वाईट स्वयंपाकघरात तो खरा ठरतो. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. मांसाला तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास साधारण १४० अंशांच्या पुढे येऊ लागतो. म्हणजे कढईत पाणी साचलेले असेतो खिमा शिजतो, पण भाजला जात नाही. अर्धा किलो खिमा एकदम लहान कढईत ओतला की तो स्वतःच्याच पाण्यात राखाडी होतो, आणि मग दोष पदार्थाच्या माथी मारला जातो. पसरट, चांगल्या तापलेल्या कढईत तो दोन-तीन खेपांत टाकावा आणि लगेच ढवळू नये. आधी सुटलेल्या पाण्याचा बुडबुडाट ऐकू येतो. पाणी आटले की आवाज तडतडीत होतो, आणि उलथण्याने उलटायची वेळ ती. खिमा काढून त्याच कढईत बारीक चिरलेला कांदा आणि गाजर परतले, चमचाभर टोमॅटो प्युरी व थोडा मैदा घालून भाजला आणि मग स्टॉक (हाडे किंवा भाज्या उकळून गाळलेले पाणी) ओतला, की बुडाला चिकटलेला तपकिरी थर सुटून रसात उतरतो. चव तिथे तयार होते. त्यात खिमा परत घालून वूस्टरशर सॉस आणि थाइम ही सुवासिक पाने टाकावीत आणि चमच्याला लपेटेल इतका रस आटवावा. आपल्याकडचा बोकडाचा खिमा मेंढीच्या कोकराच्या खिम्याइतका चरबीयुक्त नसतो, त्यामुळे त्याला थोडे लोणी आणि जास्त वेळ लागतो, प्रसंगी तासभर.

बटाट्याचेही तसेच. तो उकडलेला असतो हे खरे, पण निथळल्यावर गरम पातेल्यातच वाफ जाऊ द्यावी, आधी लोणी आणि नंतर गरम दूध घालून हाताने घोटावा. मिक्सरमध्ये फिरवला तर स्टार्च मोकळा होऊन लगदा खळीसारखा चिकट होतो. खिमा थोडा निवल्यावरच बटाटा पसरावा, नाहीतर तो रसात बुडतो. वर काट्याने ओढलेल्या रेघा शोभेसाठी नसतात: त्यांचे उंचवटे २०० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्ध्या तासात खरपूस होतात.

उरलेल्या मांसाचा मुद्दा मान्य आहे, पण त्यात नामुष्की कसली? इंग्लंडमधल्या नॉरफोकचे पाद्री जेम्स वुडफोर्ड यांच्या रोजनिशीत १७९१ साली जेवणात कॉटेज पाय, म्हणजे याच पदार्थाचा जुन्या नावाचा भाऊ, असल्याची नोंद आहे. शेफर्ड्स पाय हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातले. पहिल्यात गोमांस आणि दुसऱ्यात मेंढीचे मांस हा भेद आता रूढ आहे. फोडणीची पोळी आवडीने खाणाऱ्या घरांनी तरी या काटकसरीला हसू नये.

राहिला गरम मसाला. तो घातल्याने पदार्थ बिघडतो असे नाही. खिमा-बटाट्याचा एक चांगला प्रकार होतो. मात्र त्यावरून मूळ पदार्थ बेचव होता हे सिद्ध होत नाही, कारण गरम मसाल्याचा वास इतका प्रबळ असतो की खिमा नीट भाजला होता की नुसता उकडला होता, हे खाणाऱ्याला कळतच नाही. आधी एकदा मसाल्यावाचून करून पाहावा. तरीही हात डब्याकडे जातच असेल, तर जायफळ घेऊन बटाट्यात चिमूटभर किसावे. ते तिथल्या स्वयंपाकघरातही घालतात.