डोंबिवलीकर मतच देत नाही म्हणे!

परवापासून तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड आलाय. आशय असा की कल्याण लोकसभेला ५० टक्के मतदान म्हणजे निम्मे डोंबिवलीकर सुट्टी टाकून लोणावळ्याला, शिकलेले असून आळशी, इथला पांढरपेशा डोळे मिटून कमळ दाबतो, आणि मतदान कमी होतं म्हणूनच तेच तेच निवडून येतात, ७० टक्के झालं तर निकाल उलटेल. खाली हात जोडलेले दोन इमोजी. मी जन्मापासून डोंबिवली पूर्वेला, खड्ड्यांना शिव्या घालणाऱ्यांत मी पहिला, पण हे वाचून राहवलं नाही.

आधी तो ५० चा आकडा. २०२४ च्या लोकसभेला कल्याणात ५० टक्क्यांच्या आसपास मतदान झालं हे खरंय. पण कल्याण लोकसभा म्हणजे डोंबिवली नाही हो! त्यात अंबरनाथ आहे, उल्हासनगर आहे, कल्याण पूर्व, कल्याण ग्रामीण आणि चक्क मुंब्रा-कळवा आहे. कल्याण पश्चिम मात्र नाही, ते भिवंडीत. आमच्या एमआयडीसीतले लोक स्वतःला डोंबिवलीकर म्हणवतात पण विधानसभेला मत देतात कल्याण ग्रामीणमध्ये. म्हणजे सहा मतदारसंघांचा हिशोब आणि बिल एकट्या डोंबिवलीच्या नावावर. आणि हाच आकडा २००९ ला ३४ च्या आसपास होता, मग ४३, मग ४५, मग ५०. वाढतोय की.

आता लोणावळा. मतदानाच्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेबलं लागतात, कार्यकर्ते यादी घेऊन चिठ्ठ्या फाडत बसतात. मागच्या वेळी मी त्यांच्याकडून आमच्या बिल्डिंगचं पान मागून घेतलं आणि चहा पिता पिता वाचलं. तळमजल्यावरचे भाडेकरू बदलापूरला जाऊन सहा वर्षं झाली, नावं इथेच. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या, एक पुण्याला एक कॅनडाला, नावं इथेच. वरच्या आजी तर २०१६ लाच गेल्या, त्या अजून मतदार आहेत. आणि माझ्या शेजाऱ्याचं, जो खरोखर इथे राहतो आणि सकाळी सातला रांगेत उभा होता, त्याचं नाव गायब!! हे सगळे न आलेले लोक टक्केवारीत मोजले जातात, आजीसकट.

ही नुसती आमच्या बिल्डिंगची गंमत नाही. डोंबिवली विधानसभेच्या यादीत २०१९ ला साडेतीन लाखांच्या वर नावं होती, साधारण ३ लाख ५६ हजार. २०२४ ला ती उतरून ३ लाख १० हजारांच्या आसपास आली. शहर काय आटलं का? यादी आटली. मतं पडली २०१९ ला १ लाख ४५ हजारांच्या आसपास, २०२४ ला १ लाख ७४ हजार. टक्केवारी ४१ वरून ५६ वर गेली आणि सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली, पण जुनीच यादी धरली असती तर ती ४९ च्या आसपासच भरली असती. म्हणजे निम्मी वाढ माणसांची, निम्मी खोडरबरची.

सुट्टीचं म्हणाल तर लोकसभा २० मे ला सोमवारी होती, काही जण गेले असतील गावाला, नाही म्हणत नाही. पण विधानसभा मुद्दाम बुधवारी ठेवली, तरी ४४ टक्के आलेच नाहीत, मग ते कुठल्या लोणावळ्याला गेले? कायद्याने भरपगारी सुट्टी आहे पण जिथे ती देता येत नाही तिथे दोन-तीन तासांची सवलत चालते. माझ्या भावाच्या ऑफिसने तेच केलं, "दोन तास उशिरा या". अंधेरीला. डोंबिवलीहून. ज्याने सकाळी आठची दादरला जाणारी फास्ट पकडून बघितलीय त्याला पुढचं सांगायला नको. संध्याकाळी सहाला केंद्र बंद, हा सात पंचवीसला स्टेशनला उतरला.

डोळे मिटून कमळ? इथे थोडं मान्य करतो. भाजपच्या आधीच्या जनसंघाची मुळं इथे जुनी आहेत, ठाण्यातून लोकसभेवर रामभाऊ म्हाळगी निवडून गेले, पुढे राम कापसे, आणि २००९ पासून चारही विधानसभांना भाजपचे रवींद्र चव्हाणच. पण याच लोकांनी २०१० ला कल्याण-डोंबिवली महापालिकेत मनसेला २७ नगरसेवक दिले आणि भाजपला एक आकडी ठेवलं. २०१५ ला मनसे ९ वर आपटली, शिवसेना ५२, भाजप ४२, आणि ते दोघं एकमेकांविरुद्ध लढले होते. २०१९ ला डोंबिवलीतच मनसेच्या उमेदवाराला ४४ हजारांवर मतं पडली. एकगठ्ठा असं काही नसतं, विधानसभेला एक आणि पालिकेला दुसरं असं करणारे माझ्या घरातच दोघं आहेत (एक मी).

राहिलं ते ७० टक्क्यांचं. चव्हाणांना २०१९ ला ८६ हजार मतं होती, फरक ४१ हजारांचा. २०२४ ला मतदान वाढलं आणि त्यांना जवळपास १ लाख २४ हजार मिळाली, फरक ७७ हजारांचा. एकूण मतं वाढली २९ हजार आणि त्यांची वाढली जवळपास ३८ हजार. सगळे नवे मतदार त्यांच्याकडेच गेले असं मी म्हणत नाही, समोरचे उमेदवार वेगळे होते, समीकरणं वेगळी होती. पण लोक घरी बसतात म्हणून हा माणूस निवडून येतो, हे गणित कुणी मांडलं त्याने एकदा बेरीज तरी करून बघायची होती.