पेनड्राइव्ह लावताच बंद पडणारा लॅपटॉप आणि एका चौकटीतली खूण

पेनड्राइव्ह, माउस किंवा बाहेरची हार्ड डिस्क जोडताक्षणी लॅपटॉप बंद पडत असेल तर काय करावे, हे सांगणारा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून वर्षानुवर्षे फिरतो आहे. शब्द बदलतात, मुद्द्यांचा क्रम बदलतो, पण गाभा तोच राहतो. हा विंडोजच्या वीजबचतीच्या व्यवस्थेतला घोटाळा असून डिव्हाइस मॅनेजर या विंडोजमधील जोडलेल्या उपकरणांच्या यादीत रूट हबपुढच्या (यूएसबीची पोर्ट ज्याला जोडलेली असतात त्या भागापुढच्या) एका चौकटीतली खूण काढली की तो मिटतो. तेवढ्याने भागले नाही तर पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला असे समजून विंडोज नव्याने टाकावे. बॅटरी जुनी असल्यास बदलावी. यूएसबी ३ ची उपकरणे जुन्या पोर्टात लावू नयेत. पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरावे. आणि हे सगळे करूनही लॅपटॉप बंदच पडत राहिला तर मदरबोर्ड गेला असे धरून चालावे. यातली बहुतेक वाक्ये वरवर खरी वाटतात आणि म्हणूनच हा मजकूर इतका टिकला आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या जागी प्लग खुपसला जातो त्या पोर्टाकडे डोळे उघडून पाहा, एवढे एकच वाक्य त्यात नाही, आणि बहुतेक वेळा दुखणे तिथेच असते.

मुळात ‘बंद पडणे’ या एका शब्दाखाली आपण दोन निराळे प्रकार घालतो. पहिल्यात पडदा निळा होतो (विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत तो काळा झाला आहे), काही अक्षरे दिसतात आणि लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू होतो. हे काम बिघडलेला ड्रायव्हर (उपकरण चालवणारा विंडोजमधला छोटा प्रोग्रॅम) करू शकतो, आणि तेवढ्यापुरता त्या मजकुराचा रोख योग्य आहे. दुसऱ्या प्रकारात मात्र पडदा, पंखा, दिवे असे सगळे एका क्षणात विझते, जणू कोणी मेन स्विच पाडला. विंडोज स्वतःहून लॅपटॉप बंद करते तेव्हा ती आधी प्रोग्रॅम मिटते, उरलेली माहिती डिस्कवर उतरवते आणि मग वीज सोडते. त्याला काही सेकंद तरी लागतात. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच लॅपटॉप गार पडला असेल, तर विंडोजला त्याची खबरही लागलेली नसते.

हे ताडून पाहता येते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत अशा प्रसंगानंतर ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते आणि पुष्कळजण तिलाच कारण समजून तिच्या मागे लागतात. वास्तविक ती नोंद लॅपटॉप पुढच्या वेळी सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि मागच्या वेळी रीतसर बंद झालो नव्हतो, एवढेच ती सांगते. तिच्या तपशिलात बगचेक कोडपुढे (विंडोज कोसळल्याच्या कारणाच्या आकड्यापुढे) शून्य असेल, तर विंडोजने स्वतःची कोणतीही कोसळण नोंदवलेली नाही असा त्याचा अर्थ होतो. तिथे शून्य नसेल, तर मात्र ड्रायव्हरचा संशय घेण्यास जागा आहे. खूण काढायचीच असेल, तर प्रगत सिस्टिम सेटिंगमधील, बिघाडानंतर आपोआप रीस्टार्ट होण्याच्या पर्यायापुढची काढावी. म्हणजे पडद्यावरची अक्षरे वाचायला तरी मिळतील.

आता त्या मजकुराच्या लाडक्या चौकटीकडे वळतो. तिच्यापुढे लिहिलेल्या वाक्याचा अर्थ असा, की वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकाला द्यावी. यातले ‘हे उपकरण’ म्हणजे यूएसबीचा हब, लॅपटॉप नव्हे. कोणीतरी ‘बंद करणे’ एवढेच शब्द वाचले आणि लॅपटॉप बंद पडण्याशी त्यांची सोयरीक जुळवली, असा माझा कयास आहे. ही सोय बिघडली तर माउस अधूनमधून थिजतो, पेनड्राइव्ह दिसेनासा होऊन परत उगवतो. त्यापलीकडे तिचा हात सहसा पोहोचत नाही. खूण काढल्यावर दोन दिवस त्रास झाला नाही असे सांगणारे भेटतात, आणि ते खोटे बोलत नसतात. सैल किंवा वाकलेल्या पोर्टातला दोष सदासर्वकाळ दिसत नाही. प्लग किंचित तिरका बसला, थोडा कमी आत गेला, तरी तो प्रसंग टळतो. श्रेय मात्र चौकटीला मिळते.

विंडोजचा हात आहे की नाही, याची दोन मिनिटांत होणारी परीक्षा आहे. लॅपटॉप सुरू करताना योग्य ती की दाबून (कंपनीनुसार ती एफ२, एफ१० किंवा डिलीट अशी असते) बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, पडद्यावर जावे आणि तिथेच थांबून तोच पेनड्राइव्ह त्याच पोर्टात लावावा. त्या वेळी विंडोज सुरूच झालेली नसते. ड्रायव्हर नाही, वीजबचत नाही, व्हायरस नाही. तिथेही लॅपटॉप विझला तर सॉफ्टवेअरचे सगळे उपाय एका फटक्यात बाद होतात. तिथे तगला म्हणून मात्र हार्डवेअर निर्दोष ठरत नाही, कारण हार्ड डिस्कसारखे उपकरण प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर अधिक वीज ओढते. म्हणून ही परीक्षा निरनिराळ्या उपकरणांनी आणि प्रत्येक पोर्टात करावी. एकाच पोर्टात कोणतेही उपकरण लावले तरी लॅपटॉप जातो आणि इतर पोर्टांत काही होत नाही, असे दिसले तर निदान जवळजवळ झालेच.

पोर्टात घडते काय, हे थोडे सविस्तर सांगतो. लॅपटॉप चालू असताना यूएसबीच्या चौकोनी पोर्टात ५ व्होल्टचा दाब कायम हजर असतो. मानकाप्रमाणे यूएसबी २.० च्या पोर्टाने ५०० मिलिअँपिअरपर्यंत आणि यूएसबी ३.० च्या पोर्टाने ९०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह द्यावा, अशी अपेक्षा असते. हा ५ व्होल्टचा पुरवठा बोर्डावरील एका रेग्युलेटरकडून, म्हणजे दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागाकडून, येतो आणि त्याच पुरवठ्यावर बोर्डातले इतरही भाग जगतात. पोर्ट आणि हा पुरवठा यांच्यामध्ये साधारणपणे एक लहानशी चिप पहारा देत असते. पोर्टात शॉर्ट झाला तर तिने तेवढे एक पोर्ट तोडावे आणि बाकीचा लॅपटॉप चालू ठेवावा, असा संकेत आहे. ती नीट काम करते तेव्हा पोर्टावर विजेचा लोट आल्याची सूचना विंडोज दाखवते. ती चिप दुबळी असेल, जळाली असेल, किंवा शॉर्टच इतका थेट असेल की तिला सावरायला सवड मिळू नये, तर पूर्ण ५ व्होल्टचा पुरवठा बसतो, रेग्युलेटर स्वतःला वाचवण्यासाठी थांबतो आणि त्याच्याबरोबर सगळा लॅपटॉप जातो. म्हणजे तो बंद पडतो ते स्वतःला जपण्यासाठी, आणि आपण दर वेळी पेनड्राइव्ह परत खुपसून त्याची परीक्षा पाहतो.

हे मी घरातच पाहिले आहे. माझ्या ताईच्या लॅपटॉपच्या उजव्या पोर्टात वायरलेस माउसचा बोटाच्या पेराएवढा रिसीव्हर कायम लावलेला असे आणि लॅपटॉप तसाच पिशवीत जाई. एक दिवस तिने तो काढून पेनड्राइव्ह लावला आणि लॅपटॉप गेला. वर दिलेला मजकूर तिला तीन ठिकाणांहून आला. तिने खूण काढली, मग विंडोजही नव्याने टाकून घेतली, आणि पहिलाच पेनड्राइव्ह लावताना लॅपटॉप पुन्हा गेला. मी मोबाइलच्या उजेडात पोर्टात पाहिले. आतल्या प्लॅस्टिकच्या जिभेचा कोपरा तुटला होता आणि तिच्यावरच्या सोनेरी पट्ट्यांपैकी कडेची एक उपटून वर आली होती. पोर्ट रिकामे असताना ती अधांतरी राही, पण प्लग आत शिरला की दाबली जाऊन बाजूच्या धातूच्या खोबणीला टेकत असे. कडेची पट्टी ५ व्होल्टची आणि खोबणी जमिनीची, म्हणजे ग्राउंडची. याहून सरळ शॉर्ट काय असू शकतो? दुरुस्ती करणाऱ्याने बॅटरीची तार सोडवून मीटर लावला, तेव्हा प्लग आत असतानाच तो वाजे, म्हणजे दोन्ही टोके जोडली जात, आणि बाहेर काढला की गप्प होई.

व्हायरसच्या मुद्द्याचे उत्तर त्याच पट्ट्यांत दडले आहे. चौकोनी यूएसबी प्लगमध्ये चार मूळ पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या आणि मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या दोन मुद्दाम लांब केलेल्या असतात, म्हणजे प्लग आत जाताना आधी वीज जोडली जावी आणि नंतर माहितीचे दळणवळण सुरू व्हावे. प्लग पुरता बसण्याआधीच लॅपटॉप विझत असेल, तर तोवर पेनड्राइव्हमधला एक अक्षराचाही मजकूर लॅपटॉपने वाचलेला नसतो. शिवाय माउसच्या रिसीव्हरने किंवा यूएसबीवर चालणाऱ्या साध्या पंख्याने तोच प्रकार होत असेल, तर त्यात फायली आहेतच कुठे? पेनड्राइव्हमधून व्हायरस पसरत नाहीत असे माझे म्हणणे नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट पेनड्राइव्हमधूनही पसरला. पण तो गुपचूप राहून काम करत होता, आणि चोराला घरात शिरल्या शिरल्या दिवे घालवून आरडाओरडा करून घ्यायचा नसतो. पेनड्राइव्हसारखी दिसणारी, आत वीज साठवून ती माहितीच्या तारांवर उलटी सोडणारी आणि बोर्ड जाळणारी उपकरणे मात्र खरोखर आहेत. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील एका महाविद्यालयात २०१९ मध्ये एका माजी विद्यार्थ्याने अशा उपकरणाने ६६ संगणक निकामी केले. तोही व्हायरस नव्हता, विजेचाच मार होता. सापडलेला, अनोळखी पेनड्राइव्ह लावून पाहू नये, याचे हे एक कारण आहे.

बॅटरीविषयीचा दावा आकडे मांडले की आपोआप विरतो. सामान्य पेनड्राइव्ह एखाद-दोन वॅटपेक्षा जास्त वीज खात नाही आणि माउसचा रिसीव्हर त्याच्याही कितीतरी खाली असतो. उलट आपण ब्राउझर उघडून पाच-सहा पाने चालू करतो, तेव्हा एकटा प्रोसेसर काही वॅटांवरून वीस-तीस वॅटांवर उडी घेतो. जी बॅटरी ती उडी पेलते, ती पेनड्राइव्हच्या भाराने कोसळेल कशी? अपवाद बाहेरच्या हार्ड डिस्कचा. तिची तबकडी फिरू लागताना क्षणभर एक अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला जातो, आणि अगदी मरणासन्न बॅटरीवर तेवढे निमित्त पुरू शकते. अ‍ॅडाप्टर लावून तीच डिस्क जोडून पाहावी. फरक पडला तरच बॅटरीवर खर्च करावा.

यूएसबी ३ चे उपकरण जुन्या पोर्टात लावल्याने लॅपटॉप बंद पडतो, हे तर मुळीच पटण्याजोगे नाही. जुन्या पोर्टात चालणे ही त्या मानकाची अटच आहे. वीज कमी पडली तर डिस्क टकटक वाजते किंवा पडद्यावर दिसत नाही. नुकसान डिस्कचे होते.

ज्या गोष्टीचा त्या मजकुरात उल्लेखही नाही, पण आपल्याकडे जी वारंवार आढळते, ती म्हणजे अर्थिंगचा अभाव. जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते. अशा घरात धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर मनगट टेकले की बारीक झिणझिण्या येतात. अ‍ॅडाप्टरमधील गाळणीच्या कपॅसिटरमुळे लॅपटॉपचे अंग २३० व्होल्टच्या साधारण निम्म्या दाबावर तरंगत असते. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला इजा होत नाही, एवढेच. त्याच लॅपटॉपला दुसऱ्या सॉकेटवर चालणारा प्रिंटर जोडला, की दोन्हींतला दाबाचा फरक प्लगच्या धातूच्या आवरणातून मोकळा होतो, आणि लॅपटॉप कधी अडकतो तर कधी बंद पडतो. तपासणी सोपी आहे. अ‍ॅडाप्टर काढून, लॅपटॉप बॅटरीवर ठेवून तोच प्रिंटर जोडावा. काही झाले नाही तर लॅपटॉप दुरुस्तीला नेण्याआधी वायरमनला बोलवावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर पोर्टातल्या पट्ट्यांवर जो हिरवट-पांढरा थर चढतो, तोही असाच नजरेतून सुटतो. लॅपटॉप बंद करून आणि बॅटरी सोडवून आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रश यांनी तो निघतो.

तीस सेकंद बटण दाबण्याच्या उपायात मात्र तथ्य आहे, फक्त ते उपाय म्हणून नाही. शॉर्टनंतर रेग्युलेटर रुसून बसलेला असतो आणि काही लॅपटॉप नुसते बटण दाबून सुरूच होत नाहीत. अ‍ॅडाप्टर काढून बटण दाबून धरल्याने उरलीसुरली वीज निघून जाते आणि तो पुन्हा उठतो. मूर्च्छेतून जागा केला म्हणून रोग गेला, असे होत नाही.

राहिला मदरबोर्ड. कित्येक लॅपटॉपमध्ये एका बाजूची पोर्ट मदरबोर्डावर नसतातच; ती एका वेगळ्या छोट्या बोर्डावर असतात आणि तो बोर्ड चपट्या पट्टी-केबलने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. बाजारात त्याला यूएसबी बोर्ड म्हणतात आणि तो सुटा मिळतो. पोर्ट मुख्य बोर्डावर असले तरी ते उकलून नवे डाग देऊन बसवता येते, आणि पहारा देणारी ती चिपही बदलता येते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चिप लेव्हलचे काम (बोर्डावरचा एकेक भाग बदलण्याचे) करतो का, एवढे विचारले तरी कोणाकडे थांबायचे आणि कोणाकडून पुढे जायचे, हे कळते. दुरुस्ती होईपर्यंत ते पोर्ट वापरू नये आणि चुकून काही लावले जाऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावावी. ताईला पहिल्या दुकानात मदरबोर्डाचे १४ हजार रुपये सांगितले होते. दुसऱ्याने यूएसबी बोर्ड बदलून ७५० रुपये घेतले आणि तुटकी जीभ कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली. माउसचा रिसीव्हर ती आता पिशवीत लॅपटॉप घालण्यापूर्वी काढते. तो दोनदा हरवला, ही तक्रार निराळी.