देवमासा पळाला नाही, म्हणून त्याला त्रास झाला नाही असं होत नाही

व्हेल-डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींवर टीका झाली की उत्तर ठरलेलं असतं: 'त्रास होत असता तर ते पळाले नसते का?' मला हे अजिबात पटत नाही. त्रास पाण्याखाली होतो, वरून तो दिसणार कसा?

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेलिश समुद्रातले 'सदर्न रेसिडेंट' गटाचे ऑर्का घ्या (कूळ डॉल्फिनचं, नाव 'किलर व्हेल'). जेमतेम पंचाहत्तरच्या आसपास उरलेत. मुख्य खाणं चिनूक सॅमन हा मासा. खोल, अंधाऱ्या पाण्यात तो नजरेला पडत नाही, म्हणून ऑर्का टकटक आवाज सोडतो आणि माशावर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकतो. हा प्रतिध्वनी फार क्षीण असतो. बोटीचा वेग वाढला की पंख्याच्या पात्यांवर बुडबुडे धरतात आणि फुटतात. त्या कल्लोळात मासा ऐकूच येत नाही.

संशोधकांनी लांब काठीने ऑर्कांच्या पाठीवर सक्शन कपची यंत्रं चिकटवली. ती काही तास खोली, हालचाल आणि आवाज नोंदवतात. २०२१ च्या अभ्यासात दिसलं की बोटी सरासरी ४०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ३६५ मीटरच्या आत आल्या की माद्या शिकार सोडून देण्याची शक्यता वाढते. पिलाला दूध पाजणारी मादीच, आणि पकडलेला सॅमन घरातल्यांत वाटून खायची यांची रीत. म्हणजे न मारलेल्या एका बुडीची झळ अख्ख्या कुटुंबाला. बोटीवरच्या माणसाला मात्र दिसतो तो शांतपणे पोहणारा ऑर्का.

वॉशिंग्टन राज्याने १ जानेवारी २०२५ पासून बोटींनी या ऑर्कांपासून ठेवायचं किमान अंतर १००० यार्ड केलं, ते योग्यच झालं. अर्ध्या सागरी मैलाच्या आत वेग ७ नॉटच्या (ताशी साधारण १३ किलोमीटर) वर न्यायचा नाही, आणि ४०० यार्डांच्या आत सापडलात तर गिअर न्यूट्रलला. फिशफाइंडरही (आवाज सोडून मासे शोधणारं बोटीवरचं यंत्र) विसरू नका: त्याचा ५० किलोहर्ट्झचा आवाज ऑर्काला ऐकू येतो, २०० किलोहर्ट्झचा ऑर्काच्या श्रवणाच्या पलीकडे.

मालवण, तारकर्ली, गोव्याकडे किनाऱ्यालगत राहणारे हम्पबॅक डॉल्फिनही आवाजावरच जगतात. तिथे कळपामागे बोट सोडणं, समोरून आडवी घालणं, पिलू आणि आई यांच्यामधून जाणं आधी थांबवा. कळपाला समांतर, हळू, एकाच वेगात चला. एकदम रेस वाढवू नका, एकदम रिव्हर्स टाकू नका. आधीच दोन-तीन बोटी असतील तर लांबूनच वळा. आणि 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत' ही हमी काढून टाका. ती दिली की तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, पाठलाग करावाच लागतो.