घड्याळातला एलईडी: नाकापेक्षा मोती जड

सेलवर चालणाऱ्या छोट्या डिजिटल घड्याळात रात्री वेळ दिसत नाही, यावर एक उपाय सगळीकडे फिरतो आहे. घड्याळ उघडा, डिस्प्लेच्या मागे एक पांढरा एलईडी बसवा, त्याचे दोन पाय थेट सेलच्या दोन टोकांना जोडा, रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारा छोटा भाग) लागत नाही, आणि रात्रभर चालू राहू द्या. एलईडी वीज खातच नाही, त्यामुळे सेल पूर्वीइतकाच टिकेल. हे वाचून लोक हौसेनं घड्याळ उघडतात. मग दिवा लागत नाही, किंवा लागतो आणि महिन्याभरात सेल संपतो, आणि धड चालणारं घड्याळ अडगळीत जातं. मला याचं वाईट वाटतं, कारण काम होण्यासारखं आहे. फक्त वर सांगितलंय तसं नाही.

‘एलईडी वीज खातच नाही.’ सगळा घोटाळा या वाक्यात आहे. कुणाच्या मानानं खात नाही? खोलीतल्या बल्बच्या मानानं. पण इथे त्याच्या शेजारी बल्ब नाही, एलसीडी, म्हणजे काळ्या आकड्यांची काच असलेलं घड्याळ आहे. एलसीडी स्वतः प्रकाश देत नाही, बाहेरून आलेला प्रकाश फक्त अडवते किंवा सोडते. आत सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा एक क्वार्ट्झचा स्फटिक आणि एक चिप, एवढाच संसार. असं घड्याळ काही मायक्रोअँपिअरवर चालतं. आपण सढळ हातानं १० धरू. साधा एलईडी ५ मिलिअँपिअरवर, म्हणजे ५००० मायक्रोअँपिअरवर लावला, तर तो घड्याळाच्या ५०० पट वीज ओढतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

आता सेलचा हिशेब. ट्रिपल ए आकाराच्या अल्कलाइन सेलमध्ये साधारण १००० मिलिअँपिअर-तास असतात, म्हणजे १ मिलिअँपिअर ओढला तर १००० तास. एकट्या घड्याळाला ते कागदावर एक लाख तास, म्हणजे अकरा वर्षं पुरतील. प्रत्यक्षात त्याआधी सेलच म्हातारा होतो. ५ मिलिअँपिअरचा एलईडी तेच २०० तासांत संपवतो. रोज रात्री आठ तास धरले तर २५ रात्री. घड्याळात नाण्यासारखा सीआर २०३२ सेल असेल, तर त्यात मुळात २२० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच असतात. त्याची घडण सतत अगदी थोडा प्रवाह देण्यासाठी असते, त्यामुळे एलईडीचा भार टाकला की तेवढेही पुरते हाती लागत नाहीत.

‘पांढरा एलईडी थेट सेलला जोडा.’ एका अल्कलाइन सेलच्या घड्याळात हे होणारच नाही. सेल देतो दीड व्होल्ट. लाल एलईडीलाही १.८ ते २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास. पांढरा एलईडी आतून निळाच असतो, वर पिवळसर फॉस्फरचा लेप दिलेला असतो. आणि निळ्या प्रकाशाच्या एकेका कणाला लाल प्रकाशापेक्षा जास्त ऊर्जा द्यावी लागते. ती दीड व्होल्टमधून येणार नाही. व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट मिळतं, पण ते कुठूनतरी आणून देत नाही: व्होल्ट दुप्पट करताना सेलमधून दुपटीहून जास्त प्रवाह ओढतं. घड्याळ अशा एका दीड व्होल्टच्या सेलचं असेल तर माझा सल्ला सरळ आहे. एलईडीला त्याचे वेगळे दोन सेल द्या, घड्याळाच्या सेलला हातच लावू नका.

‘रेझिस्टर लागत नाही.’ यात अर्ध सत्य आहे आणि तेच लोकांना फसवतं. पांढरा एलईडी तीन व्होल्टच्या नाणेसेलला थेट जोडला तर बहुतेक वेळा जळत नाही. सेलचं आणि एलईडीचं व्होल्टेज जवळजवळ सारखं असतं, आणि सेलचा अंतर्गत रोधच प्रवाहाला आवर घालतो. पण हेच ऐकून कुणी दोन ताज्या अल्कलाइन सेलना लाल एलईडी थेट जोडला, तर तो आवर उरत नाही. एलईडीत व्होल्टेज जरा वाढलं की प्रवाह कितीतरी पट वाढतो. गणित एका ओळीचं आहे: ३ मधून एलईडीचे १.९ वजा करा, उरले १.१ व्होल्ट, २ मिलिअँपिअर हवे असतील तर ५५० ओहम, म्हणजे ५६० चा रेझिस्टर. अंधारात २ मिलिअँपिअरचा उजेड भरपूर होतो. मी १ वरही आकडे वाचले आहेत.

‘डिस्प्लेच्या मागे बसवा.’ हे लिहिणाऱ्यानं घड्याळ उघडून पाहिलं नसावं. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा काच हळूच उचलून उलटी केली, तर मागे चंदेरी रंगाचा कागद चिकटवल्यासारखा थर होता. टॉर्च त्याला टेकवून धरला, समोरून पाहिलं: काळोख. समोरून आलेला प्रकाश परत फेकणारा आरसाच तो. मागचा उजेड त्यातून पार होत नाही. तो सोलायला जावं तर त्याच्यासोबत पोलरायझरची, म्हणजे प्रकाश गाळणारी फिल्मही निघते, आणि ती गेली की आकडेच दिसत नाहीत. शिवाय काच उचलली की तिच्याखालची काळी-करडी रबरी पट्टी हलते. तिच्या बारीक रेघांतूनच सर्किटचा काचेशी संपर्क होतो. माझी पट्टी केसभर सरकली आणि ८ चा ६ दिसायला लागला. स्पिरिटनं पुसून, सरळ बसवून, स्क्रू सारखे आवळल्यावर आकडा पूर्ण झाला.

एलईडीची जागा पुढे, काचेच्या कडेला आहे. बाहेरचं पारदर्शक झाकण आणि एलसीडी यांच्या मधल्या फटीत, आडवा. कॅसिओच्या १९८९ मधल्या एफ-९१डब्ल्यू या मनगटी घड्याळात हिरवा एलईडी असाच डाव्या कडेला आहे आणि तो बटण दाबल्यावरच लागतो. उजेड एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी पडतो. पडू द्या, वेळ कळते.

आणि ‘रात्रभर चालू’ ऐवजी दाबून धरायचं साधं बटण लावा. रोज चार वेळा पाच-पाच सेकंद दाबलंत तरी वर्षाला दोनच तास होतात. २ मिलिअँपिअरनं ते जेमतेम ४ मिलिअँपिअर-तास. आता मात्र सेल खरंच पूर्वीइतका टिकेल. रंग लाल घ्या. अंधाराला सरावलेले डोळे लाल उजेडानं फारसे दिपत नाहीत, दिवा सोडल्यावर पुन्हा चाचपडावं लागत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. ‘सेलच्या टोकांना जोडा’ म्हणजे सेललाच डाग द्या (सोल्डर करा), असं काहींनी धरलंय. तसं करू नका. लिथियमचा नाणेसेल कावियाच्या (सोल्डरिंग आयर्नच्या) उष्णतेनं फुटू शकतो. सेल बाहेर काढा आणि डाग त्याच्या घरातल्या पत्र्याच्या पट्टीला द्या, तोही चटकन, नाहीतर भोवतीचं प्लास्टिक वितळतं. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. सेल जुने झाले की बटण दहा सेकंद दाबून धरून आकड्यांकडे बघा: ते फिके पडले किंवा घड्याळ १२:०० वर गेलं, तर एलईडीच्या भारानं व्होल्टेज खाली बसतंय. सेल बदला, किंवा रेझिस्टर एक किलोओहमचा करा.