भाऊबीजेच्या चॉकलेटचा गोळा झाला, त्याबद्दल

ताई, तुमचा एक स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. आमच्याकडून अर्धा किलो डार्क स्लॅब नेलात, भाऊबीजेसाठी चॉकलेटं करायला घेतलीत. घरचा तासगावचा बेदाणा धुऊन घालेपर्यंत सगळं छान पातळ होतं आणि मग भांड्यात एकदम गोळा झाला. कशीबशी साच्यात दाबून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेल्या चॉकलेटांवर सकाळी पांढरी बुरशी आली. तक्रार घेऊन दुकानात आलात तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "तुम्हाला जमलं नसेल." आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की आम्ही चॉकलेट सांगून वनस्पती तूप विकतो.

आधी त्या मुलाचं. मी त्या दिवशी माहेरी विट्याला होते, पण दुकान माझं आहे, तेव्हा ते बोलणंही माझंच धरा. सणासुदीला माणूस डबा घेऊन दारात येतो आणि त्याला हे ऐकावं लागतं, याची मला खरंच लाज वाटली. माफी मागते.

तुपाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आम्ही मोठा स्लॅब फोडून अर्ध्या किलोच्या पिशव्या भरतो आणि त्यावर नुसतं 'डार्क' लिहीत होतो. 'कंपाउंड' लिहायला हवं होतं, ती चूक आमची. कंपाउंडमध्ये कोको पावडर असते, पण कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती फॅट असतं. कालपासून प्रत्येक पिशवीवर तसं लिहितोय. मात्र फसवणूक हा शब्द मला मान्य नाही. घरी करणाऱ्यांना मी मुद्दाम कंपाउंडच देते. कोको बटरचं चॉकलेट नुसतं वितळवून ओतलं तर चमकत नाही, साच्यातून नीट सुटत नाही. त्याला टेम्परिंग लागतं. डार्क असेल तर ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, परत ३१-३२ वर आणायचं, तेही थर्मामीटर लावून. दिवाळीत घरात पाहुणे असताना हे कोण करत बसणार?

आता गोळ्याचं. त्या मुलाने डबा ठेवून घेतला होता, तो मी आल्यावर बघितला. माल खराब नव्हता, पाणी गेलं होतं. धुतलेला बेदाणा वरून कोरडा दिसतो, पण सुरकुत्यांत पाणी धरून बसतो. चॉकलेटमध्ये साखर आणि कोकोचे बारीक कोरडे कण फॅटमध्ये तरंगत असतात. त्यात पाण्याचे चार थेंब पडले की साखर ओली होऊन कण एकमेकांना चिकटतात. पिठीसाखरेत चुकून ओला चमचा गेला की गुठळ्या होतात ना, तसंच. खालच्या पातेल्यातली वाफ, ओला डाव, पाण्यात कालवलेला खायचा रंग, कशानेही हेच होतं. हे पिशवी देतानाच तुम्हाला सांगायला हवं होतं.

सांगलीत राहून चॉकलेटात बेदाणा घालायचा नाही, असं मी तरी म्हणणार नाही! फक्त आदल्या दिवशी धुवा, सुती कापडावर पंख्याखाली रात्रभर पसरा, सकाळी कोरड्या कढईत मंद आचेवर दोन मिनिटं परता आणि पूर्ण गार झाल्यावरच घाला.

आणि पुन्हा गोळा झालाच तर टाकून देऊ नका. थोड्या पाण्याने घट्ट होणारं चॉकलेट जास्त पाण्याने सैल होतं. कडकडीत गरम दूध एकेक चमचा घालून घोटत राहा. ते साच्यात घट्ट बसणार नाही, पण केकवर ओतता येतं, किंवा फ्रीजमध्ये आळल्यावर लाडू वळून सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवता येतात. माझ्या मुलांना तेच जास्त आवडतात.

पांढरं आलं ती बुरशी नव्हती. बोट फिरवलं तर खरखरीत लागलं, पाण्याचा थेंब लावला तर विरघळलं, म्हणजे साखरच. गार चॉकलेट बाहेरच्या हवेत आलं की त्यावर दव धरतं, साखर त्यात विरघळते आणि पाणी सुकलं की वर पांढरी उरते. साचा फ्रीजमध्ये दहा-पंधरा मिनिटं पुरे. चॉकलेट कडेने सुटलेलं दिसलं की बाहेर काढायचं. तयार चॉकलेटं डब्यात घालून ओट्यापासून लांब, थंड जागी ठेवा. फ्रीजमध्ये ठेवायचीच असतील तर झाकण घट्ट लावून, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचा नाही.

तुमचे स्लॅबचे पैसे परत द्यायला सांगून ठेवलं आहे, पावती नसली तरी चालेल. पैशांऐवजी नवा स्लॅब हवा असेल तर तोही घ्या. शनिवारी दुपारी तीननंतर मी स्वतः दुकानात असते, मागच्या खोलीत शेगडी आहे, तिथेच एक घाणा करून बघू. घरचा बेदाणा उरला असेल तर मूठभर घेऊन या, न धुता.