गॅदरिंगच्या फोटोंबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर

नमस्कार,

"तुमचं वाचून भाच्याने रिको जीआर थ्री घेतला आणि लेकीच्या गॅदरिंगला एक फोटो धड आला नाही. झूम नसलेला कॅमेरा काय कामाचा? त्यापेक्षा मोबाइल बरा," असं तुम्ही लिहिलंत. वाचून खरंच वाईट वाटलं. तो दिवस काही परत येत नाही. चूक माझीही आहे. कॅमेऱ्याचं कौतुक मी भरभरून केलं आणि तो कोणी घेऊ नये, हे एका ओळीत उरकलं.

पंधराव्या रांगेतून २८ मिमीच्या, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्समध्ये स्टेजवरचं मूल तिळाएवढंच दिसणार. कॅमेऱ्यात ५० मिमीचा क्रॉप आहे, म्हणजे फोटोचा मधला भाग कापून जवळून काढल्यासारखा दाखवायची सोय, पण त्यात २४ मेगापिक्सेलपैकी ७च हाती राहतात. गॅदरिंग, क्रिकेट, पाषाण तलावावरचे पक्षी, इथे झूमच हवा. तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

"मोबाइल बरा" हे मात्र पटत नाही. मध्यंतरी पुण्याच्या तांबट आळीत एका कारागिराचं मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके उमटवणं, बघत उकिडवा बसलो होतो. उजेड काय तो दारातून येईल तेवढाच. फोनने अंधारे कोपरे उगाच उजळले आणि हंड्यावरचे ठोके गुळगुळीत करून टाकले. जीआरच्या एपीएस-सी सेन्सरवर (प्रकाश टिपणारा हा भाग फोनपेक्षा बराच मोठा असतो) एकेका ठोक्याची कड वेगळी आली, काळोख काळोखच राहिला. स्नॅप फोकस, म्हणजे आधीच ठरवलेल्या अंतरावरचा फोकस, १ मीटरवर लावून ठेवला होता, त्यामुळे हातोडी खाली येताना बटण दाबलं की फोटो निघालाच. शटरचा आवाज इतका बारीक की त्यांनी मान वर केली नाही. अशा हाताच्या अंतरावरच्या फोटोंसाठी मी तो घेतला, आणि २५७ ग्रॅमचा असल्याने तो रोज खिशात असतो.

उणिवा आहेतच. डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही, बॅटरी साधारण २०० फोटोंत संपते, पाण्याधुळीपासून बचाव नाही. पालख्या पुण्यात आल्या त्या दिवशी पावसात तो बाहेर काढायची माझी हिंमत झाली नाही.

भाच्याला सांगा, विकायची घाई करू नको. फोनमधले वर्षभरातले आवडते पन्नासेक फोटो उघडून झूम किती केला होता ते बघ. फोनची मुख्य लेन्स २८ मिमीच्या जवळपासच असते. बहुतेक फोटो झूमशिवाय काढलेले असतील तर कॅमेरा ठेव. दुप्पट-तिप्पट झूम केलेलेच जास्त निघाले, तर विकून झूमवाला घे. काय निघालं ते मलाही कळवा.