हिरवी लघवी म्हणजे किडनी गेली? त्या मेसेजचं काय करायचं

कास्तकारांच्या ग्रुपवर एक फोटो फिरून राहिला आहे. पलंगाला अडकवलेली लघवीची पिशवी, आत गर्द हिरवं पाणी. खाली मजकूर: फवारणीच्या विषबाधेचा पेशंट, विष लघवीतून बाहेर पडतंय, किडन्या निकामी, दवाखाना लपवतोय, पेशंट ताबडतोब हलवा.

आधी 'विष बाहेर पडतंय' बघू. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरातून निघताना लघवी हिरवी करत नाहीत. हा रंग बहुतेक वेळा उपचारातूनच येतो. श्वास अडखळला की पेशंटला व्हेंटिलेटरवर घेतात. घशातली नळी जाग्या माणसाला सहन होत नाही, म्हणून त्याला गुंगीत ठेवतात. त्यासाठी वापरतात त्यातलं एक औषध प्रोपोफॉल. सोयाबीन तेलात मिसळलेलं, दुधाळ पांढरं. मग हिरवं कुठून आलं? यकृत या औषधाचं फिनॉल गटातल्या पदार्थांत रूपांतर करतं, ते लघवीवाटे निघतात, आणि मोजक्याच पेशंटांत लघवीला हिरवा रंग चढतो. औषध बंद केलं की काही तासांत, फार तर काही दिवसांत, रंग आपोआप जातो. काही विषबाधांत रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, तेव्हा मेथिलीन ब्लू देतात. त्यानेही लघवी हिरवी-निळी होते.

'किडन्या निकामी' हे तर फोटोवरून कळणारच नाही. त्यासाठी तासाला किती लघवी होते आणि रक्तात क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) किती, हे बघतात. हिरव्या रंगाचं कारण दरवेळी औषधच असतं असंही नाही. स्यूडोमोनास नावाच्या जंतूच्या संसर्गातही तो दिसतो. ताप असेल तर डॉक्टर लघवी कल्चरला, म्हणजे त्यात कोणता जंतू वाढतो ते बघायला, पाठवतात.

'दवाखाना लपवतोय' यावर मात्र मेसेजवाल्याला पूर्ण खोडून काढावंसं वाटत नाही. आयसीयूच्या दाराबाहेर गावाकडून आलेले नातेवाईक दिवसभर बसून असतात आणि कोणी दोन वाक्यं बोलत नाही. औषधाने लघवीचा रंग बदलू शकतो, एवढं आधी सांगितलं असतं तर फोटो निघालाच नसता.

पण 'पेशंट हलवा' हा सल्ला जीवघेणा आहे. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत पेशंट सुधारतोय असं वाटत असतानाच, साधारण २४ ते ९६ तासांत, मानेचे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात. नेमक्या त्याच वेळी व्हेंटिलेटर सोडून त्याला गाडीत घालायचं?

घाबरायचंच असेल तर लाल-तपकिरी किंवा कोऱ्या चहासारख्या काळपट लघवीला घाबरा. घोणस चावल्यावर, स्नायूंची नासाडी झाल्यावर, आणि क्वचित प्रोपोफॉल मोठ्या मात्रेत फार वेळ चालू राहिल्यावरही तशी होते. पिशवीत तो रंग दिसला, किंवा लघवी उतरायचीच थांबली, तर लगेच सिस्टरला हाक मारा.